डेंटिनला वाफसा येऊ द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला माझा दातांचा दवाखाना आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. दरवर्षी नुकतीच बीडीएस झालेली एखादी मुलगी किंवा मुलगा सहा-आठ महिने माझ्याकडे हात बसवायला येतो. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचं सारखंच असतं. कॅव्हिटी, म्हणजे कीड काढून केलेला खड्डा, सुंदर करतात, कॉम्पोझिटला, म्हणजे त्यात भरायच्या दाताच्या रंगाच्या सिमेंटला, आकारही छान देतात, पण या दोन कामांच्या मधली दोन मिनिटं उरकून टाकतात. ती दोन मिनिटं बाँडिंगची, म्हणजे सिमेंट दाताला चिकटवण्याची. भरलेलं सिमेंट किती वर्षं टिकणार, ते तिथेच ठरतं. खुर्चीशेजारी उभी राहून मी जे तोंडी सांगते, तेच इथे सलग लिहिते आहे. तालुक्याच्या गावी एकट्यानं दवाखाना सुरू करणाऱ्यांसाठी हे मुख्यतः आहे. पेशंटनंही जरूर वाचावं. डॉक्टर तोंडाला रबर का लावतात आणि मध्येच "आता अजिबात तोंड मिटू नका" असं का म्हणतात, ते त्यांना कळेल.

वाचतं ते काय

आम्ही शिकत होतो तेव्हा दाढेत चांदी भरायचो, म्हणजे अमाल्गम. चांदी दाताला चिकटत नाही, ती अडकून बसते. अडकून बसण्यासाठी खड्डा रांजणासारखा करावा लागतो, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. कीड तांदळाच्या दाण्याएवढी असली तरी चांदीला पुरेशी जाडी मिळावी म्हणून खोली वाढवायची, आणि शेजारच्या खाचा पुढे किडू नयेत म्हणून त्याही आधीच कापून घ्यायच्या. हे जी. व्ही. ब्लॅक यांचं जुनं सूत्र. त्या काळातल्या साहित्याला ते योग्यच होतं. चांदीला मी नावं ठेवत नाही. ओल सहन करण्यात तिचा हात धरणारं दुसरं काही नाही, आणि तीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी शाबूत दिसली तर मी तिला हात लावत नाही. पण तिच्यासाठी चांगला दात कापावा लागायचा, आणि कापलेला दात परत उगवत नाही.

बाँडिंगनं ही सक्ती संपवली. किडलेलं तेवढं काढायचं आणि थांबायचं. खड्ड्याला कुठलाही ठरावीक आकार लागत नाही. माझ्या मते बाँडिंगचा पहिला फायदा हा, रंगाचा नंबर त्यानंतर. दुसरा फायदा म्हणजे कडा सीलबंद होतात, त्यामुळे सिमेंट आणि दात यांच्या फटीतून लाळ आणि जंतू आत शिरत नाहीत. तिसरा फायदा दाढेच्या पातळ भिंतींचा. चिकटलेलं कॉम्पोझिट त्या भिंतींना आतून धरून ठेवतं, त्यामुळे चावताना त्या बाहेर फाकत नाहीत. चौथा फायदा नवे डॉक्टर विसरतात, तो म्हणजे डागडुजी. चार वर्षांपूर्वी भरलेल्या कॉम्पोझिटचा कोपरा उडाला तर सगळं उकरायचं कारण नाही. जुना भाग डायमंड बरनं (दात कापायच्या फिरत्या टोकानं) खरबरीत करा, साफ करा, सिलेन (जोड धरायला मदत करणारा द्रव) आणि बाँडिंग लावा, कोपरा जोडा. वीस मिनिटांत काम होतं आणि दात आणखी एकदा कापला जाण्यापासून वाचतो.

चिकटतं कसं

चिंचा-बोरं खाऊन दात आंबतात ते सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. आम्लानं दाताच्या पृष्ठभागाचं जे होतं, तेच आपण मुद्दाम, हव्या त्याच जागी, मोजून काही सेकंद करतो. १९५५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावलं, आणि एरवी निसटून जाणारं अ‍ॅक्रिलिक त्यावर घट्ट बसलेलं त्यांना दिसलं. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत हे आम्ल वापरायचे, तिथूनच त्यांनी ते उचललं. गवंडी काँक्रीटच्या कॉलमला प्लास्टर करण्याआधी टाचे मारतो, तसंच हे. गुळगुळीत पृष्ठभागावर प्लास्टर धरत नाही. आम्लानं इनॅमलमध्ये काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल, असंख्य बारीक खड्डे पडतात. त्यांत पातळ रेझिन, म्हणजे बाँडिंगचा चिकट द्रव, शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. आज आपण ३७ टक्क्यांच्या आसपासचं निळं जेल वापरतो. त्यामागचं तत्त्व ब्युनोकोर यांचंच आहे.

इनॅमलचं काम सोपं आहे. त्यात वजनानं ९६ टक्के खनिज, पाणी अगदी थोडं. खरी परीक्षा डेंटिनची, म्हणजे इनॅमलच्या आतल्या थराची, असते. तिथे खनिज साधारण ७० टक्के, बाकी कोलॅजनचे तंतू आणि पाणी. शिवाय डेंटिन म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी. इनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरला वीसेक हजार नळ्या असतात, नसेजवळ पंचेचाळीस हजार, आणि प्रत्येक नळीतून नसेकडून बाहेर पाणी झिरपत असतं. म्हणून खड्डा जितका खोल, तितकी ओल जास्त आणि बाँडिंग अवघड. डेंटिनवर आम्ल लावलं की वरचं खनिज निघून जातं आणि कोलॅजनचं जाळं उघडं पडतं. त्या जाळ्यात रेझिन मुरलं की दोघांचा मिळून एक थर तयार होतो. १९८२ मध्ये जपानमध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी तो दाखवला. त्यालाच आपण हायब्रिड लेयर म्हणतो. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं हा काही मायक्रॉनचा थर नीट बनावा यासाठी आहे.

आधी लाळ अडवा

रबर डॅम लावा, म्हणजे फक्त तो दात बाहेर ठेवून बाकीचं तोंड झाकणारा रबराचा पडदा. १८६४ साली सॅनफर्ड बार्नम या अमेरिकन दंतवैद्यानं तो शोधला, आणि आजही कित्येक दवाखान्यांत तो कपाटातच पडून असतो. "पेशंटला आवडत नाही," असं मला शिकाऊ मुलं सांगतात. पेशंटला आधी सांगितलं नाही तर आवडत नाही, हे खरं. मी सांगते, "दाताला छत्री लावते आहे, तुमच्या तोंडात औषधाची चव उतरणार नाही, आणि तुम्हाला दर मिनिटाला थुंकावं लागणार नाही." एवढ्यानं दहातले नऊ जण तयार होतात. कापसाच्या बोळ्यांनी लाळ अडते, पण श्वासाची वाफ अडत नाही, आणि पावसाळ्यात ती वाफ आरशावर दिसते तशीच दातावरही बसते.

आमच्याकडे एक वेगळी अडचण आहे, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन गालाची कातडी आखडलेली असते, तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा तोंडात मागच्या दाढेला डॅम धरणारा क्लॅम्प बसवायचा हट्ट धरू नका. तिथे मी कॉम्पोझिट करतच नाही. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लानं दात पुसून ग्लास आयोनोमर नावाचं वेगळं सिमेंट भरते. ते दाताच्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक बंध जोडतं आणि थोडी ओल चालवून घेतं. आणि त्या माणसाला खर्रा सोडायला सांगणं, तोंडाची तपासणी दर काही महिन्यांनी करणं, हे सिमेंटपेक्षा महत्त्वाचं आहे.

आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या: लवंगेचं तेल लावलं होतं का? गावात दाढ दुखली की पहिला उपाय तोच. लवंगेतलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. ताजं तेल लागलेलं असेल आणि वास येत असेल, तर मी त्या दिवशी दात साफ करून ग्लास आयोनोमर भरते आणि आठवड्यानं बोलावते. काही दिवसांपूर्वी लावलेलं असेल तर प्युमिसनं घासून, आम्ल लावून धुऊन काम करता येतं. तात्पुरतं भरताना तुम्हीही युजेनॉलचं सिमेंट टाळा.

आम्ल, पाणी आणि वाफसा

निळं जेल आधी इनॅमलच्या कडांवर फिरवा, मग डेंटिनवर. इनॅमलला ३० सेकंद मिळाले तरी चालतात, डेंटिनला १५ च्या वर नकोत. आमच्या सहायक ताई हे सेकंद मोठ्यानं मोजतात, "एक, दोन, तीन..." भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे, तरी मोजणं तोंडानंच. मनातले १५ सेकंद घाईच्या दिवशी सहा होतात आणि फोन आला की चाळीस. डेंटिनवर चाळीस सेकंद आम्ल राहिलं तर जाळं इतकं खोल उघडतं की रेझिन तळापर्यंत पोहोचत नाही. खाली उघडेच राहिलेले तंतू काही महिन्यांत कुजतात, आणि पेशंट म्हणतो, "मॅडम, गार पाणी लागलं की कळ येते."

मग पाण्यानं धुवा. जेवढा वेळ आम्ल, निदान तेवढाच वेळ पाणी, आणि सक्शन जवळ धरून.

आता थांबा. इथेच सगळे चुकतात. हात सवयीनं हवेच्या सिरिंजकडे जातो आणि दात खडखडीत कोरडा केला जातो. इनॅमलला ते चालतं, तिथे खडूसारखा पांढुरका रंग दिसायलाच हवा. पण डेंटिन असं वाळवलं की कोलॅजनचं जाळं चिकटून बसतं, ओल्या कापडाच्या घडीसारखं, आणि रेझिनला आत शिरायला वाट राहत नाही. पाणी तसंच ठेवलं तर तेही वाईट, कारण रेझिन पाण्यावर तरंगतं.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी एकाच शब्दात सांगते: वाफसा. पाऊस पडल्यावर लगेच कुणी रानात जात नाही, चिखल असतो. आणि माती वाळून ढेकळं झाल्यावर पेरूनही उपयोग नाही. मूठभर माती दाबली की गोळा व्हावी आणि बोटांनी चोळली की मोकळी व्हावी, तो वाफसा. डेंटिनला तसा वाफसा यायला हवा. हवा मारू नका. कोरड्या मायक्रोब्रशनं किंवा कापसाच्या बारीक बोळ्यानं फक्त टिपून घ्या, कोपऱ्यातलं साचलेलं पाणी आधी. मग आरसा तिरका करून बघा. डेंटिन ओलसर चमकतं, पण त्यावर पाण्याचा थेंब हलत नाही. हीच वेळ. चुकून जास्त वाळलंच तर घाबरू नका. ओला ब्रश लावा, दहा सेकंद थांबा आणि पुन्हा टिपा, जाळं परत उठतं.

हे सगळं आम्ल लावून धुण्याच्या पद्धतीला लागू आहे. आता बहुतेकांकडे युनिव्हर्सल बाँडिंगची बाटली असते. त्यात बहुधा १०-एमडीपी नावाचा घटक असतो, तो दाताच्या कॅल्शियमला स्वतः धरतो. ती बाटली असेल तर मी फक्त इनॅमलच्या कडांना आम्ल लावते, डेंटिनला लावत नाही. नव्या हातांसाठी हीच पद्धत सुरक्षित आहे, कारण वाफसा चुकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

कॉम्प्रेसर

दवाखान्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. श्रावण होता. एका महिन्यात माझी पाच सिमेंटं निघून आली. त्यातली एक शाळेतल्या बाईंची. त्यांनी ते सिमेंट कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता खुर्चीत बसल्या. मी हातात घेऊन पाहिलं, अख्खं सिमेंट होतं, कुठे तुटलेलं नाही, खालची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत. म्हणजे ते दाताला कधी चिकटलंच नव्हतं. मी बाटली बदलली, आम्ल बदललं, पद्धत पुन्हा वाचली. फरक पडला नाही.

एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना, सहज कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा निचऱ्याचा नळ उघडला. फुसकन हवा आली आणि मागोमाग दुधट पिवळं पाणी, त्यात तेलाचा तवंग. अर्धा तांब्या तरी असेल. हवेची सिरिंज त्याच टाकीवर होती. म्हणजे महिनाभर मी प्रत्येक दात आम्लानं धुऊन, टिपून, शेवटी त्यावर तेल-पाण्याचा बारीक फवारा मारत होते. त्या पाचही जणांची सिमेंटं मी पुन्हा भरून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि बाईंना कारणही सांगितलं.

तेव्हापासून रोज रात्री दवाखाना बंद करताना हा नळ उघडायचा, हे काम दाराच्या कुलपाइतकं पक्कं आहे. जमलं तर बिनतेलाचा कॉम्प्रेसर घ्या, ओल धरणारा फिल्टर बसवा. आणि रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी एक चाचणी करा: कोरड्या, स्वच्छ काचेच्या तुकड्यावर सिरिंजची नुसती हवा दहा सेकंद मारा आणि काच उजेडात तिरकी धरा. बारीक थेंब दिसले तर पाणी आहे. बोट फिरवल्यावर सप्तरंगी पट्टा उमटला तर तेल. अशा हवेनं बाँडिंग करू नका.

बाटली, चोळणं, उजेड

बाँडिंगच्या बाटलीत रेझिनबरोबर उडून जाणारा द्रव असतो, अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल. रेझिनला ओल्या जाळ्यात नेऊन सोडणं हे त्याचं काम. पांढरकवड्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे गेलेला असताना, थेंब डिशमध्ये काढून ठेवला की कॅव्हिटी तयार होईपर्यंत त्यात निव्वळ घट्ट चिकटा उरतो. म्हणून थेंब ऐनवेळी काढा आणि झाकण लगेच लावा. बाटलीवर लिहिलेलं साठवणीचं तापमान वाचा. फ्रिजमधली असेल तर आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि भर उन्हाळ्यात एसटीच्या पार्सलनं मागवू नका.

लावताना नुसतं फासू नका. मायक्रोब्रशनं २० सेकंद चोळा, पेशंटच्या दातावर तुमच्या बोटाचा दाब जाणवेल इतपत. चोळण्यानं रेझिन आत मुरतं. मग हवा, आधी लांबून हलकी, मग जवळून, निदान पाच सेकंद. द्रावाची लाट इकडून तिकडे पळताना दिसते, ती पळायची थांबली की द्रव उडाला असं समजा. कोपऱ्यात साचलेलं डबकं ब्रशनं उचला. मग रेझिन घट्ट करणाऱ्या दिव्याचा दहा सेकंद उजेड.

एवढ्यात लाळ लागलीच तर? आम्ल धुतल्यानंतर लागली असेल तर पुन्हा धुवा, पाच-दहा सेकंद आम्ल लावा आणि तिथून पुढे चला. बाँडिंग घट्ट झाल्यावर लागली असेल तर धुऊन, वाळवून बाँडिंगचा नवा थर द्या. "थोडीशीच लागली" म्हणून पुढे जाऊ नका. हिरडीतून रक्त येत असेल आणि रक्त थांबवायचं औषध लावलं असेल, तर तेही पूर्ण धुऊन काढा, ते बाँडिंगच्या आड येतं.

कॉम्पोझिट घट्ट होताना साधारण दोन-तीन टक्के आकसतं. इथल्या मुलांना काळी माती माहीत आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि बांधाला धरून भेग पडते, हात आत जाईल एवढी. खड्डा एकदम भरला तर तेच होतं, सिमेंट एका भिंतीवरून ओढून निघतं. म्हणून तिरके, दोन मिलिमीटरपेक्षा पातळ थर लावा. एका थरानं समोरासमोरच्या दोन भिंती एकाच वेळी धरू नका. प्रत्येक थराला २० सेकंद उजेड द्या. खोल डब्यासारख्या कॅव्हिटीत दिव्याचं टोक तळापासून सहा-सात मिलिमीटर लांब असतं, तिथे पहिल्या थराला दुप्पट वेळ द्या. दिव्याच्या टोकाला चिकटलेलं जुनं सिमेंट खरवडून काढा. रेडिओमीटर महाग नाही, महिन्यातून एकदा दिवा मोजा. नारिंगी चष्मा लावून टोक शेवटपर्यंत दातावरच आहे ना, ते बघत राहा. उजेड लागायला लागला की मान फिरवून सहायकाशी बोलायची सवय अनेकांना असते.

पिवळे दात

आमच्या तालुक्यात, शेजारच्या झरी-जामणीत, पलीकडे किनवटपर्यंत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. दात बनण्याच्या वयात त्यापेक्षा जास्त पोटात गेलं की पुढचे दात खडूसारखे पांढरे नाहीतर तपकिरी होतात. मुली ओठ मिटून हसतात. लग्न ठरलं की आई घेऊन येते, आणि बहुतेक वेळा लग्न चार दिवसांवर आलेलं असतं.

या इनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. म्हणून बारीक डायमंड बरनं वरचा अगदी पातळ थर फिरवून घ्या आणि आम्ल दुप्पट वेळ ठेवा. एक फसवणूक लक्षात ठेवा. नेहमीच्या दातावर आम्ल लागलं की नाही ते खडूसारख्या रंगावरून कळतं. इथे खडूचा रंग आधीपासूनच आहे, त्यामुळे रंगावर विसंबू नका, चकाकी गेली का ते बघा. दात वाळवून दिव्याखाली तिरका पाहा. जिथे अजून काचेसारखं चमकतं, तिथे पुन्हा आम्ल लावा. आणि ब्लीचिंग केलं असेल तर दोन आठवडे थांबा. ब्लीचचा ऑक्सिजन दातात राहतो आणि रेझिनला घट्ट होऊ देत नाही. म्हणून मी आयांना सांगते, साखरपुडा झाला की लगेच या.

दाताच्या मुळाशी पडलेल्या खाचाही इथे खूप. मंजन बोटानं किंवा कडक ब्रशनं आडवं घासून पडलेल्या. खाचेचा तळ काचेसारखा गुळगुळीत असतो, नळ्या खनिजानं बुजलेल्या असतात, रेझिनला शिरायला जागा नसते. तिथेही आधी बरनं खरबरीत करा, वरच्या इनॅमलला तिरकी धार द्या, एमडीपीचं बाँडिंग भरपूर चोळा. आणि त्या माणसाच्या हातात मऊ ब्रश देऊन तुमच्या समोर घासायला लावा, नाहीतर सहा महिन्यांत नव्या सिमेंटच्या खाली नवी खाच.

कॅप चिकटवणं हा स्वतंत्र विषय आहे, इथे दोनच सूचना. झिर्कोनियाच्या कॅपला आतून फॉस्फोरिक आम्ल लावू नका. अ‍ॅल्युमिनाची वाळू मारून एमडीपीचं प्रायमर लावा. आणि सिरॅमिकचं हायड्रोफ्लोरिक आम्ल तोंडात कधीही नेऊ नका, दवाखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असल्याशिवाय ती बाटली उघडूही नका.

तुटलेला तुकडा

गेल्या महिन्यात एक आई नववीतल्या मुलाला घेऊन आली. कबड्डीत पडून वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता. तिनं पदराची गाठ सोडली आणि त्यातून तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "चिपकते का जी मॅडम हे?" चिकटतं, आणि स्वतःच्या दाताइतका हुबेहूब रंग आणि आकार दुसऱ्या कशालाच येत नाही.

तुकडा कोरडा पडून पांढरा फटक झाला होता. आधी तो सलाइनमध्ये टाकला. निदान अर्धा तास भिजू द्या, जाळ्यात ओल परतते आणि रंगही बराचसा येतो. घरच्यांनी तुकडा दुधात किंवा स्वच्छ पाण्यात आणला तर उत्तमच. (दात मुळासकट निघाला असेल तर गोष्ट वेगळी. मुळाला हात न लावता, न घासता, दुधात ठेवून धावत या, तिथे मिनिटं मोजली जातात.) तेवढ्यात एक्स-रे काढला, ओठ दाबून आत दुसरा तुकडा रुतलेला नाही ना ते पाहिलं, नस उघडी नाही याची खात्री केली. तुकडा कोरडाच लावून बघितला, कडा घरात परत बसल्यासारख्या बसल्या.

मग रबर डॅम. तुकडा चिकट टोकाच्या काडीला लावला, म्हणजे बोटांचा स्पर्श कडांना होत नाही. दोन्ही बाजूंना आम्ल, धुणं, टिपणं, वाफसा. दोन्ही बाजूंना बाँडिंग २० सेकंद चोळून हवा, पण उजेड अजून दिला नाही, कारण थर आधीच घट्ट झाला तर तुकडा नीट बसत नाही. तुकड्यावर पातळ कॉम्पोझिट घेऊन जागेवर दाबला, बाहेर आलेलं ब्रशनं पुसलं, तुकडा न हलवता पुढून आणि मागून चाळीस चाळीस सेकंद उजेड दिला. शेवटी जोडावरून बरनं अगदी उथळ खाच फिरवून तिथे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरलं आणि पॉलिश केलं. डॅम काढल्यावर चावा तपासला, पुढे सरकवून खालचा दात त्या जोडावर आपटत नाही ना ते पाहिलं.

आईनं विचारलं, कणीस खाऊ देऊ का? दाणे हातानं काढून खायला सांगितलं, ऊस दाढेनं सोलायचा, आणि कबड्डी खेळताना माऊथगार्ड. पहिली तपासणी झाली, गार लावल्यावर दात बोलतो आहे, म्हणजे नस जिवंत आहे. पुढची पोळ्यानंतर.